पंप गेला, पण का गेला?

वॉटर पंप सहसा न सांगता जात नाही. पुलीच्या मागे, पंपाच्या अंगाला खालच्या बाजूस एक बारीक भोक असतं. पाणी अडवणारं सील आतल्या बाजूला, दांडा तोलणारं बेअरिंग बाहेरच्या बाजूला आणि हे भोक दोघांच्या मध्ये. सील झिजून पाणी पाझरलंच, तर ते बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथे नुसता वाळका डाग दिसला तर लक्ष ठेवायचं. ओघळ आला, थेंब पडायला लागले, की पंपाचे दिवस भरले. आणि इंजिन बंद असताना पुली हाताने हलवल्यावर डुगडुगली, तर बेअरिंगही गेलं. मग गाडी जिथे आहे तिथेच उभी करायची.

माझ्या मामांच्या एस्टीम गाडीखाली असे थेंब दिसले. मामा चिंचवडला राहतात. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये उभी हयात काढून निवृत्त झाले. बैठं घर आहे, पुढे फरशीचं अंगण आहे, आणि पंप तिथेच बदलायचा असं त्यांनी ठरवून टाकलं. माझी धाकटी बहीण आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून साताऱ्यात एका गॅरेजात कामाला आहे. तिथली इंजिनाची कामं तिच्याच हातून होतात. तिला मामांचा बेत पसंत नव्हता. रविवारी ती आली आणि दोघांचं सुरू झालं.

ते बोलणं मी इथे देतोय, कारण गाडीचं काम घरी करावं का, यावर आपल्याकडे लोक एक तर हौसेने बोलतात नाही तर भीतीने. हे दोघं कामातली माणसं आहेत.

बहीण : मामा, पंप बदलायचा यात वादच नाही. पण इथे नको. टोचन करून गाडी साताऱ्याला नेऊ.

मामा : टोचन कशाला? वर पाणी ओतत हळूहळू चालवत नेली तर?

बहीण : आणि खंबाटकी घाट चढताना काटा वर गेला तर? ॲल्युमिनियमचं हेड आहे. एकदा नीट तापलं की वाकतं. मग हेड गॅस्केट उडतं, हेड उतरवून मशीनवर फेसिंगला द्यावं लागतं. पंपाच्या कामाचं इंजिनाचं काम होऊन बसेल.

मामा : मग झालं तर. गाडी हलवायची नाही, असं तूच म्हणतेस. मग माणूस गाडीकडे यायला पाहिजे, आणि माणूस इथेच आहे.

बहीण : मामा, तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही. तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. मी कामाच्या क्रमाबद्दल बोलतेय. या इंजिनात पंप फिरतो बाहेरच्या व्ही-बेल्टवर, आल्टरनेटरच्या. त्यामुळे वरून बघणाऱ्याला वाटतं, बेल्ट सैल केला, पुली काढली, की पंप हातात. तसं नाही. पंपाचं अंग टायमिंग बेल्टच्या मागे अडकलेलं आहे. क्रँकची पुली, कव्हर, टायमिंग बेल्ट, टेन्शनर, एवढं उतरल्याशिवाय पंप निघत नाही.

मामा : माहीत आहे. मॅन्युअल वाचलंय मी. १२९८ सीसीचं इंजिन, जिप्सी किंगमध्ये हेच घराणं आहे. कॅमच्या पुलीवर ‘ई’ अक्षराजवळ खूण आहे, ती वरच्या कव्हरच्या ‘व्ही’ खाचेसमोर आणायची. क्रँकच्या दातेरी पुलीवर एक टिंब आहे, ते ऑइल पंपावरच्या बाणासमोर. दोन्ही जुळल्या की मगच बेल्ट काढायचा.

बहीण : बरोबर. आणि बेल्ट काढल्यावर?

मामा : कॅम आणि क्रँक दोन्ही जागच्या जागी. फिरवायचे नाहीत.

बहीण : आणि तुमचा हात चुकून पान्याला लागला, क्रँक थोडा फिरला, तुम्हाला कळलंही नाही, तर? एक दात इकडचा तिकडे झाला तरी गाडी सुरू होते, मामा. हीच तर अडचण आहे. सुरू होते, पण ओढत नाही, पेट्रोल जास्त खाते, आणि माणूस महिनाभर प्लग बदलत बसतो. जास्त दात चुकले तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला टेकतात आणि वाकतात. मी गॅरेजात हे काम करते तेव्हा शेजारी दुसरा माणूस असतो. मी खुणा लावते, तो बघतो. मग हाताने क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवते आणि खुणा पुन्हा जागेवर येतात का ते दोघं बघतो. तुम्ही एकटे आहात.

मी तोवर गप्प होतो. इथे मला बहिणीचं पटलं. घरच्या कामात बोल्ट घट्ट करायला माणूस कमी पडत नाही. आपण केलेलं बरोबर आहे असं दुसऱ्या डोळ्यांनी सांगणारा कुणी नसतो. टूलरूममध्येसुद्धा ज्याने वस्तू बनवली तोच ती पास करत नाही, तपासणारा वेगळा असतो. मामांना हे मी सांगायची गरज नव्हती. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत.

मामा : ठीक आहे. खुणा तू तपास. पण आता मी एक विचारतो. तुमच्याकडे पंप बदलायला गाडी येते. तुम्ही पंप काढता, नवा बसवता, कूलंट भरता, बिल करता. काढलेल्या पंपाचं काय करता?

बहीण : भंगारात.

मामा : उघडून बघता?

बहीण : कधी कधी.

मामा : कधी कधी म्हणजे नाही. आमच्याकडे डाय फुटली तर नवी डाय टाकण्याआधी जुनी टेबलावर यायची. का फुटली ते कळल्याशिवाय नवी चढायची नाही, कारण नवीही तशीच फुटणार. पंप गेला हे तुम्ही सांगता. का गेला ते कोण सांगणार?

बहीण : मामा, गिऱ्हाईक सकाळी गाडी देतं आणि संध्याकाळी पाचला मागतं. मजुरी पंपाची ठरलेली. पंप का गेला हे शोधण्याची ओळ आमच्या बिलात नाही. मालक विचारतो, एवढा वेळ का लागला, तर मी काय सांगू?

मामा : म्हणूनच मी म्हणतो, घरी. घरी कुणाला पाचला गाडी द्यायची नाही.

बहीण : घरी वेळ असतो हे मान्य. पण तपासायची साधनं नसतात. म्हणून मी ही पेटी आणलीय.

पेटीत कूलिंग सिस्टिमला दाब देऊन बघायचा हातपंप होता, टॉर्क रेंच होता, आणि उचललेली गाडी टेकवायच्या दोन लोखंडी घोड्या होत्या. घोड्यांवरून पुन्हा थोडी वादावादी झाली, कारण मामांनी बाभळीचे ठोकळे काढून ठेवले होते. बहीण म्हणाली, जॅकवर आणि ठोकळ्यांवर उचललेल्या गाडीखाली मी तुम्हाला हातही घालू देणार नाही. या मुद्द्यावर ती तसूभर हलली नाही, आणि हलायलाही नको होतं. ज्यांना हे काम घरी करायचंय त्यांनी बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण गाडी उचलायची तर पक्क्या सपाट जमिनीवर, घोड्यांवर, चाकांना अडण लावून. आणि बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवून. पुढचा विजेचा पंखा इंजिन गरम असताना चावी काढल्यावरही काही गाड्यांत फिरू लागतो. बोटं तिथे असतील तर तो विचारत नाही.

आधी दाब दिला. इंजिन पूर्ण गार होतं. गरम इंजिनाचं झाकण का उघडायचं नाही, हे घाटात गाडी तापून रस्त्याकडेला उभे राहिलेले लोक दर उन्हाळ्यात विसरतात. बऱ्याच गाड्यांच्या झाकणावर ०.९ असा आकडा असतो. म्हणजे आत दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक किलो दाब, आणि त्या दाबाखाली साधं पाणीही शंभरऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकण फिरवलं की दाब जातो, शंभराच्या वर गेलेल्या पाण्यातल्या काहीची एका क्षणात वाफ होते आणि ती उरलेलं उकळतं पाणी घेऊन तोंडावर येते. अर्धा तास थांबायला काही लागत नाही. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायची घाईही तशीच, त्यातून ब्लॉकला नाही तर हेडला तडा जातो.

दाब दिल्यावर काटा सावकाश खाली आला, आणि पंपाच्या त्या भोकातून पाणी आलं. होज कोरडे, रेडिएटर कोरडा, गळती तिथेच. बहीण म्हणाली, आता खात्री झाली, खोला. पंप बदलून झाल्यावर वरच्या होजची क्लिप गळत होती असं लक्षात येणं, हे तिने पाहिलेलं होतं.

पाणी काढायला मामांनी पाटी लावली. पाणी आलं ते तांबूस, गढूळ. कूलंटचा हिरवा रंग त्यात औषधालाही नव्हता.

बहीण : हे काय आहे?

मामा : आधीच्या मालकाचं. त्याच्याकडे बोअर होती, बोअरचंच पाणी घालायचा. मी घेतल्यावर वरून एकदा कूलंट घातलं होतं.

बहीण : वरून घालून काय होणार? आतलं काढलं नाहीत?

मामा : खरं सांगू? मला वाटायचं, कूलंट म्हणजे थंड देशातली गोष्ट. बर्फात पाणी गोठू नये म्हणून. चिंचवडला कुठे बर्फ पडतो?

बहीण : निम्म्या महाराष्ट्राला असंच वाटतं, मामा. अर्धं ग्लायकोल आणि अर्धं पाणी असलं की ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, हे खरं. आपल्याला त्याचा उपयोग नाही. आपल्याला त्यातलं दुसरं लागतं. त्यात गंज थांबवणारी रसायनं असतात. तुमच्या इंजिनात लोखंड आहे, ॲल्युमिनियम आहे, काही गाड्यांच्या रेडिएटरमध्ये पितळ-तांबं असतं. एवढे धातू एका पाण्यात भिजत ठेवायचे तर पाणी धातू खाणारच. त्यात बोअरचं पाणी म्हणजे क्षार. तापलं की क्षार बाहेर पडतो, गिझरच्या कॉइलवर बसतो तसा. जिथे सगळ्यात जास्त तापतं तिथेच थर बसतो, आणि सुटलेले कण फिरत फिरत पंपाच्या सीलवर येतात.

मामा : कसलं सील आहे आत? ऑइल सीलसारखं रबराचं?

बहीण : नाही. दोन चकत्या असतात. एक दांड्याबरोबर फिरते, एक जागेवर राहते. एक कार्बनची, एक सिरॅमिकची. स्प्रिंग त्यांना एकमेकांवर दाबून धरते. दोघींच्या तोंडांमध्ये पाण्याचा अगदी पातळ पापुद्रा राहतो, त्यावर त्या घासतात.

मामा : म्हणजे लॅप केलेली तोंडं?

बहीण : हो.

पुढचा बराच वेळ पंपाऐवजी लॅपिंगवर, म्हणजे तोंडं घासून सपाट करण्यावर, बोलणं झालं, आणि माझ्या मते त्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं बोलणं तेच होतं. मामांनी आयुष्यभर गेज ब्लॉक आणि सपाट तोंडं हाताळलेली. ते सांगू लागले : तोंड सपाट आहे की नाही हे पट्टी लावून कळत नाही, त्यावर काचेचा ऑप्टिकल फ्लॅट ठेवायचा आणि एकरंगी उजेडाखाली काळ्या रेघा मोजायच्या. रेघा सरळ आणि समान अंतरावर, तर तोंड सपाट; वाकल्या, तर नाही. हीलियमच्या दिव्याखाली एका रेघेइतका फरक म्हणजे मायक्रॉनच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. मेकॅनिकल सीलची तोंडं अशा दोन-तीन रेघांच्या आत सपाट करतात. एवढ्या कामाच्या तोंडांमध्ये बोअरच्या क्षाराचा एक कण शिरला, तर त्याच्यापुढे ती तोंडं म्हणजे नांगरलेलं शेत. मामा हे बोलत होते आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. बोअरचं पाणी गाडीला चांगलं नसतं, हे त्यांनी आधीही ऐकलं असणार. पण ते नेमकं कुठे जाऊन काय खातं, हे त्यांना त्यांच्याच कामाच्या भाषेत कळलं.

मग काम सुरू झालं. उजव्या पुढच्या चाकाच्या बाजूने क्रँकची पुली उतरवली. त्याआधी पंपाच्या पुलीचे बोल्ट व्ही-बेल्ट ताठ असतानाच सैल करून घेतले होते. बेल्ट आधी काढला की पुली बोल्टाबरोबर गरागरा फिरते आणि धरायला काही राहत नाही. प्लग काढून ठेवले, म्हणजे क्रँक हाताने हलका फिरतो. दोन्ही खुणा जुळल्यावर बहिणीने बघितल्या, मी बघितल्या, मामांनी मोबाइलवर फोटो काढला. नवा टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर मामांनी आधीच आणून ठेवले होते. बेल्टचं आयुष्य साधारण एक लाख किलोमीटर धरतात, आणि एवढं उघडल्यावर जुना बेल्ट परत चढवणं म्हणजे हेच सगळं काम लवकरच पुन्हा करणं.

पंप सुटला. जुनं पॅकिंग ब्लॉकच्या तोंडाला चिकटून बसलेलं होतं. इथे बहीण मागे झाली आणि मामा पुढे आले. गॅरेजात हे पॅकिंग बहुतेक वेळा पटाशीने खरवडतात, घाई असली तर ग्राइंडरला ब्रश लावून. ॲल्युमिनियमवर त्याने ओरखडे पडतात, तोंडाला खोलगट वाट पडते, आणि मग ती भरायला वरून सिलिकॉन थापतात. मामांनी प्लास्टिकची पट्टी घासून धार काढलेली होती. पॅकिंगवर ओला फडका ठेवून ते मऊ होऊ दिलं, मग पट्टी जवळजवळ आडवी धरून थोडं थोडं सोडवत गेले. मधूनच बोटाचं टोक तोंडावरून फिरवायचे. बोटाला जे कळतं ते डोळ्याला दिसत नाही. शेवटी सगळीकडून एकसारखा राखाडी, न चमकणारा पृष्ठभाग निघाला, आणि बोल्टांच्या भोकांतले आटे त्यांनी टॅप हाताने घालून साफ केले.

बहीण : हे आमच्याकडे होत नाही.

मामा : होऊ शकतं.

बहीण : वेळ दिला तर. आणि सिलिकॉनचं एक ऐकून ठेवा. तुम्ही थापणार नाही हे माहीत आहे, तरी सांगते. जास्त लावलेलं सिलिकॉन बाहेर येतं तसं आतही येतं. आतलं तुटून पाण्याबरोबर फिरतं आणि रेडिएटरच्या बारीक नळीत जाऊन अडकतं. मी कापलेल्या रेडिएटरात सिलिकॉनच्या अळ्या पाहिल्यात. पंप बदलला तरी गाडी तापते, आणि पंपवाल्याला शिव्या बसतात.

जुना पंप पाटीत पडला होता. मामांनी तो उचलून धुतला. आतल्या पंख्याच्या पात्यांच्या कडा खाल्लेल्या होत्या, मुळाशी तांबड्या गाळाचा थर. दांडा हाताने फिरवला तर एका जागी खरखर, आणि वरखाली ढकलला तर स्पष्ट चाल.

मामा : सील पाण्याने खाल्लं, ते कळलं. पण बेअरिंगला ही एवढी चाल? पाणी तर भोकातून बाहेर पडत होतं.

बहीण : बेल्ट कुणी ताणला होता?

मामा : मी. सकाळी सुरू करताना ओरडायचा.

बहीण : किती?

मामा : आवाज बंद होईपर्यंत.

बहीण : बेल्ट ओरडत होता कारण तो घासून चकचकीत झालेला आहे, बघा. बदलायला हवा होता. ताणला की आवाज जातो, पण तो सगळा ताण पंपाच्या दांड्यावर एका बाजूने येतो. मधोमध अंगठ्याने नीट दाबल्यावर बेल्ट सहा ते नऊ मिलिमीटर आत गेला पाहिजे. तुमचा जागचा हलत नव्हता.

मामांनी मान डोलावली, आणि पंप वर्तमानपत्रात गुंडाळून खिडकीत ठेवून दिला. नवा पंप नव्या पॅकिंगवर बसला, बोल्ट दहाच्या गोटीने आणि टॉर्क रेंचने, समोरासमोरचे आळीपाळीने. सहा मिलिमीटरच्या या बोल्टांना जेमतेम १० न्यूटन-मीटर पुरतं. ॲल्युमिनियममध्ये आटे जातात ते इथेच, जोर असलेल्या माणसाच्या हातून. पंप आणि ऑइल पंप यांच्यामधलं, तसंच पंप आणि हेड यांच्यामधलं छोटं रबर न विसरता बसवलं. टायमिंग बेल्ट चढला, क्रँक हाताने दोन फेरे फिरला, खुणा जागेवर आल्या. दोघांनी बघितल्या, आणि मी तिसरा.

रेडिएटर आणि ब्लॉक डीएम, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्याने धुतले, पाणी स्वच्छ येईपर्यंत. गॅरेजात इतक्यांदा धूत नाहीत, हेही बहिणीने कबूल केलं. मग कूलंट. हिरवं, गुलाबी, निळं हे रंग कंपन्यांनी घातलेले असतात. दोन कंपन्यांचा हिरवा एकच असेल असं नाही. गाडीच्या पुस्तकात सांगितलेला प्रकार घ्यायचा, दोन प्रकार एकत्र करायचे नाहीत आणि पाणी मिसळायचं ते डीएमच. झाकण उघडं ठेवून, हीटर पूर्ण गरमवर लावून इंजिन सुरू केलं. थर्मोस्टॅट ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो; तोवर रेडिएटरचा वरचा होज गार असतो. उघडला की होज गरम होतो, बुडबुडे येतात, पातळी झपकन उतरते. तेवढं पुन्हा भरायचं. हवा आत राहिली तर नवा पंपही पाण्याऐवजी हवा घुसळत बसतो आणि काटा वर जातो, आणि लोक म्हणतात पंपच खराब निघाला.

पाटीतलं जुनं पाणी मामा गटाराकडे घेऊन निघाले.

बहीण : मामा, नको! ते ओतायचं नाही.

मामा : त्यात आहेच काय? बहुतेक पाणीच आहे.

बहीण : तुम्ही वरून घातलेलं ग्लायकोल आहे ना त्यात. ते गोड लागतं आणि विषारी असतं. गल्लीतली कुत्री चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं जातात. आणि हे गटार पवना नदीलाच जाऊन मिळतं. कॅनमध्ये भरून द्या, मी नेते. गॅरेजात जुन्या तेलाशेजारी वेगळं साठवतो आम्ही.

मामा : हे मात्र घरी करणाऱ्याला कुणी सांगत नाही.

बहीण : म्हणूनच मी म्हणते, गॅरेजात करा.

मामा : आणि मी म्हणतो, घरी करणाऱ्याला हे सांगा.

चहा झाल्यावर बोलणं पुन्हा मूळ मुद्द्यावर आलं. मी विचारलं, की मग घरी करावं की नाही? बहीण म्हणाली, गाडीवर अवलंबून आहे. जुन्या फियाटसारखा पंप पुढे, पंख्यामागे उघडा असेल, तर ज्याला पाना धरता येतो त्याने खुशाल करावं. या एस्टीमसारखा टायमिंग बेल्टमागे असेल, तर दोन माणसं आणि धीर हवा. आणि रेनॉचं १.५ डिझेल इंजिन असेल, लोगान आणि डस्टरमध्ये असतं ते, तर तिथे टायमिंग बेल्टच पंप फिरवतो. पंप जाम झाला तर बेल्ट जातो आणि बेल्टबरोबर इंजिन. तिथे कॅम-क्रँक जागेवर धरायच्या पिना लागतात, त्या नसतील तर हात लावू नये. आता तर काही गाड्यांत पंप विजेवर चालतो. २००९ साली आलेल्या तिसऱ्या पिढीच्या प्रियसच्या इंजिनाला बाहेरचा बेल्टच नाही. तिथे पंपाचं दुखणं कॉम्प्युटरला विचारावं लागतं.

मामा : हे सगळं ‘कुठे करू नये’ झालं. माझा मुद्दा वेगळा आहे. माणसाने गाडी स्वतः खोलली नाही तरी चालेल. पण महिन्यातून एकदा बॉनेट उघडून त्या भोकाकडे बघायला काय हरकत आहे? या पंपाने मला किती आधी सांगितलं असेल. मी डबक्याची वाट बघत बसलो.

बहीण : ते मला मान्य आहे.

मामा : मग अजून एक मान्य कर. गॅरेजातून गिऱ्हाईकाला जुना पंप परत द्या, आणि त्याबरोबर चार ओळी लिहून द्या. आत कसलं पाणी होतं, सील गेलं की बेअरिंग, बेल्ट किती ताठ होता. पंधरा मिनिटांचं काम आहे.

बहीण : त्या पंधरा मिनिटांचे पैसे कोण देणार?

मामा : मी देईन.

बहीण : तुम्ही द्याल. बाकीचे?

मामा : विचारलंय कधी कुणाला? नवा पंप पुन्हा जाऊ नये म्हणून दोनशे रुपये जास्त द्याल का, असं?

बहीण : नाही विचारलं.

मामा : मग विचारून बघ.

बहीण : विचारते. पुढच्या पंपाला विचारते, मालकाला सांगून. पण तुम्ही टायमिंग बेल्ट एकट्याने काढायचा नाही, मामा. ते मी मान्य केलेलं नाही.

मामा : फोटो पाठवला तरी?

बहीण : फोटोत कॅमेरा तिरका असला की एक दात सरकलेला दिसतो, नाही तर सरकलेला दात जागेवर दिसतो. व्हिडिओ कॉल करा. समोरून धरा, आणि मी हो म्हणेपर्यंत क्रँकला हात लावायचा नाही.

मामा : चालेल. आणि उद्या सकाळी इंजिन गार असताना पातळी बघायची?

बहीण : उद्याही, आणि चार-पाच दिवस गाडी चालल्यावर पुन्हा. नवा व्ही-बेल्ट थोडा बसतो, तेव्हा ताणही तपासा. अंगठ्याने नको, या वेळी पट्टी लावून मोजा.